छायाचित्राची पाठही छापा

प्रति,
मा. संपादक,
सादर नमस्कार.

विषय : रविवार पुरवणीतील विसाव्या शतकाच्या चित्रपानांबाबत

महोदय,

गेल्या दोन रविवारी आपल्या पुरवणीत विसाव्या शतकातील गाजलेली छायाचित्रे, भित्तिपत्रके आणि जुन्या जाहिराती यांना दोन पूर्ण पाने दिली गेली. हा ठेवा खान्देशातल्या वाचकांपुढे एवढ्या मोठ्या आकारात आणि चांगल्या छपाईत ठेवल्याबद्दल प्रथम आपले मनापासून आभार मानतो. अमळनेरला माझ्या वडिलांनी १९४१ साली फोटो स्टुडिओ काढला आणि पुढे मी तो चाळीस वर्षे चालवला. त्यामुळे अशी पाने हाती आली की माझी नजर त्यांवरून लवकर हलत नाही. पण याच पानांवर एक चूक झाली आहे आणि ती मुद्रणदोष म्हणून सोडून देता येण्यासारखी नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दुसऱ्या पानावर खालच्या अंगाला एक छायाचित्र आहे. रस्त्याच्या कडेला एक बाई बसलेली आहे, तिच्या खांद्याची हाडे लुगड्यातून वर आली आहेत आणि मांडीवरच्या मुलाचे पोट फुगलेले आहे. त्याखाली ‘१९७२ च्या दुष्काळातील खान्देश’ एवढीच ओळ आहे. भिंग घेऊन चित्राचा डावा कोपरा पाहावा. तेथे फरसबंदीत बसवलेले, जमिनीशी सपाट असे दोन समांतर रूळ दिसतात. ते ट्रामचे रूळ आहेत. खान्देशात आगगाडी आहे, भुसावळसारखे मोठे जंक्शन आहे, पण ट्राम कधीही धावलेली नाही. ते चित्र कलकत्त्याच्या रस्त्यावरचे आहे आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातले आहे.

कोणी म्हणेल की दुष्काळ तो दुष्काळच, ओळीत वर्ष चुकले तर काय बिघडले? माझ्या मते फार बिघडले. बंगालमध्ये अंदाजे तीस लाख माणसे भुकेने आणि भुकेमागून आलेल्या रोगांनी मेली. महायुद्ध चालू होते, बातम्यांवर सरकारी पहारा होता आणि सरकार या संकटाला ‘दुष्काळ’ म्हणून जाहीर करायलाही तयार नव्हते. अशा वेळी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकात रस्त्यावर मरायला टेकलेल्या माणसांची छायाचित्रे छापली आणि जे शब्दांनी होत नव्हते ते त्या चित्रांनी झाले. सुनील जाना यांनी त्याच काळात बंगालभर हिंडून काढलेली छायाचित्रे आजही पाहवत नाहीत. त्या चित्रांचे सगळे बळ ‘हे येथे, या महिन्यात, या सरकारच्या डोळ्यांदेखत घडत आहे’ या सांगण्यात होते. ते सांगणे काढून घेतले की मागे केवळ एक हडकुळी बाई उरते आणि तिला कोणत्याही सालात, कोणत्याही गावात नेऊन बसवता येते.

आणि १९७२ चा दुष्काळ मी स्वतः पाहिलेला आहे. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. विहिरी आटल्या होत्या, ढोरे कवडीमोलाने विकली गेली होती, हे सर्व खरे आहे. पण त्या वर्षी महाराष्ट्र बंगालसारखा मेला नाही. जागोजागी दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे त्या कामांवर होती. पाझर तलाव खणले गेले, नाल्यांना बांध पडले, रस्त्यांसाठी खडी फुटली. लोकांनी मिलो या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी आणि मुलांनी सुकडी हा पौष्टिक खाऊ खाल्ला, पण बहुतेक जण जगले. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला त्याची मुळे याच कामांत आहेत. त्या उन्हाळ्यात पारोळ्याच्या वाटेवर एका कामावर मी पंधरा-वीस फोटो काढले होते. त्यातला एक मला अजून सर्वांत मोलाचा वाटतो : मस्टरवर अंगठा उठवणाऱ्या बाईचा नुसता हात. बोटांच्या भेगांत खडीची पांढरी भुकटी बसली आहे आणि अंगठ्यावर शाई चमकते आहे. आपल्या पानावरील ओळीने त्या हाताच्या जागी बंगालची मरणारी बाई आणून बसवली. बंगालच्या मृतांवर अन्याय झाला आणि आमच्याकडे उन्हातान्हात दगड फोडून जगलेल्या लाखो माणसांवरही झाला.

वडील अहिराणीत म्हणत, ‘फोटोनी पाठ पहिले वाच, मंग त्यानं तोंड देख.’ स्टुडिओतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रिंटच्या मागे ते मऊ पेन्सिलीने प्लेटचा (म्हणजे काचेच्या निगेटिव्हचा) क्रमांक, तारीख आणि गाव लिहीत. तोच क्रमांक रजिस्टरमध्ये असे आणि तेथे माणसाचे नाव, प्रतींची संख्या, उचल आणि बाकी लिहिलेली असे. त्या रजिस्टरात शेवटून दुसरा रकाना अगदी अरुंद होता आणि त्यात काही नावांपुढे फक्त ‘रि.’ हे अक्षर असे. त्याचा अर्थ, या निगेटिव्हवर रिटचिंग केले आहे.

हे काम मी स्वतः वर्षानुवर्षे केले असल्यामुळे त्याबद्दल थोडे लिहितो. उतरत्या मेजाला मधोमध दुधी काच असते, तिच्यामागून आरशाने उजेड घेतात आणि त्या काचेवर निगेटिव्ह ठेवतात. चेहऱ्यावर देवीचे व्रण असले तर निगेटिव्हमध्ये ते पारदर्शक ठिपके दिसतात. सुईसारखे लांब टोक काढलेल्या पेन्सिलीने एकेक ठिपका हलक्या हाताने भरत गेले की प्रिंटमध्ये व्रण नाहीसा होतो. पाहण्याच्या कार्यक्रमाआधी पाठवायच्या मुलींच्या फोटोंवर आम्ही रात्र-रात्र बसलेलो आहोत. छायाचित्र खोटे बोलू शकत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्या मेजाशी बसावे. मात्र वडिलांनी ‘रि.’ लिहायचे कधी टाळले नाही, कारण व्रण पुसला हे निदान आमच्या वहीला तरी माहीत असले पाहिजे, असे त्यांचे मत होते.

जगातल्या थोर छायाचित्रांनाही हा रकाना लागू आहे. आपण पहिल्या पानावर, मुले दोन्ही खांद्यांवर तोंड लपवून उभी आहेत आणि आई हनुवटीला हात लावून दूर पाहत आहे, ते अमेरिकेतील छायाचित्र ‘भुकेचा चेहरा’ अशा ओळीने छापले आहे. ते डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढले. त्या वेळी लँग अमेरिकी सरकारच्या एका खात्यासाठी काम करत होत्या. छायाचित्र वर्तमानपत्रात आले आणि त्या तळाकडे धान्य रवाना झाले, पण तोवर ते कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेले होते. लँग यांनी त्या बाईचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला १९७८ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, एका वर्तमानपत्रातून कळले. लँग यांच्या टिपणात त्या कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकल्याचा उल्लेख आहे, तो कुटुंबाने साफ नाकारला. आणखी एक गोष्ट अशी की मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यात राहुटीच्या खांबाला धरलेला आईचा अंगठा आला होता, तो लँग यांनी नंतर रिटचिंग करून पुसून घेतला. आमच्या धंद्यात अशा अंगठ्यावर पेन्सिल फिरवायला कोणी मागेपुढे पाहिले नसते, पण हे तर सरकारी दप्तरातले पुराव्याचे चित्र होते. थॉम्पसन यांनी वाटाणा तोडला तसाच कापूसही वेचला होता. आपल्या भागात कापूस वेचणाऱ्या बाईला ‘भुकेचा चेहरा’ म्हणून दाखवले आणि नाव विचारले नाही, तर तिच्या लेकरांना काय वाटेल, एवढाच विचार ओळ लिहिणाऱ्याने करावा.

बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, सोव्हिएत झेंडा लावणाऱ्या सैनिकाचे छायाचित्रही आपण छापले आहे. येव्गेनी खाल्देई यांनी ते मे १९४५ मध्ये काढले. लढाई संपल्यावर मुद्दाम जुळवून आणलेले ते दृश्य होते. झेंडा खाल्देई यांनी मॉस्कोहून सोबत नेला होता आणि तो टेबलक्लॉथच्या लाल कापडातून शिवलेला होता. झेंडा लावणाऱ्याला खालून आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे होती. दोन घड्याळे म्हणजे लुटीची शंका, म्हणून छापण्याआधी एक खरवडून काढले गेले. पाठीमागचा धूरही दाट केला गेला. याहून भयंकर उदाहरण स्टालिनच्या कालव्याकाठच्या छायाचित्राचे आहे. त्याच्या शेजारून चालणारा गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह १९४० मध्ये गोळी घालून मारला गेला आणि त्यानंतरच्या प्रतींत त्याच्या जागी फक्त पाणी दिसते. रिटचिंगचे काम मी जाणतो, म्हणून सांगतो की ते अत्यंत सफाईदार आहे आणि तीच त्याची भीषणता आहे.

उलट बाजूचे एक उदाहरणही द्यायला हवे. जो रोझेन्थाल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या इवो जिमा बेटावर सहा अमेरिकी सैनिक झेंडा उभारताना टिपले. डोंगरावर त्या दिवशी उभारलेला तो दुसरा झेंडा होता, हे छायाचित्र पाहून कळत नाही. त्या सहांपैकी काहींची नावे चुकली होती. जुन्या चित्रफिती आणि फोटोंतील शिरस्त्राणे, पट्टे, कपड्यांच्या घड्या ताडून अमेरिकी मरीन दलाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये नावे दुरुस्त केली. चौऱ्याहत्तर वर्षांनी एक ओळ सुधारण्यासाठी माणसे एवढी खपली.

भित्तिपत्रकांविषयी थोडक्यात लिहितो. वाचकाकडे बोट रोखणाऱ्या मिशाळ लष्करी अधिकाऱ्याचे चित्र आणि बोट रोखणारा टोपीवाला अमेरिकी म्हातारा ही दोन पत्रके आपण दोन वेगवेगळ्या पानांवर छापली. ती दोन्ही फौजभरतीची आहेत आणि खरे तर एकाच घराण्यातली आहेत. पहिले अल्फ्रेड लीट यांनी सप्टेंबर १९१४ मध्ये ‘लंडन ओपिनियन’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी काढले. त्यातील लॉर्ड किचनेर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. त्याच कल्पनेवरून १९१७ चे अमेरिकी पत्रक निघाले आणि १९२० मध्ये दिमित्री मूर यांचे रशियन क्रांतीचे पत्रकही निघाले. राजा, भांडवलदार आणि कामगार या तिघांनीही एकच बोट वापरले, हे तीन पत्रके शेजारी छापली असती तर शाळकरी मुलालाही समजले असते. दंड दाखवणाऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या कामगार बाईचे १९४३ चे पत्रक ‘स्त्रियांना कामावर बोलावणारे’ म्हणून आपण दिले आहे. ते जे. हॉवर्ड मिलर यांनी वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्यांसाठी केले होते, तेथे आधीच कामावर असलेल्यांना हुरूप यावा म्हणून ते सुमारे दोन आठवडे भिंतींवर होते आणि सर्वदूर ओळखीचे झाले ते १९८० नंतर.

आता आपल्या घरचे. पुरवणीत विमान कंपनीचा महाराजा आहे, डालड्याचा डबा आहे, रेडिओवाले बाळ आहे. पाहून आनंद झाला. पण अमळनेरची जी वनस्पती तुपाची गिरणी १९४५ साली निघाली, तिच्या ‘७८७’ साबणाची जाहिरात एकाही पानावर नाही, हे मला खटकले. विप्रो या नावाने जगभर गेलेल्या कंपनीचे मूळ ते आहे. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आणि आई, बाप, मुलगा, मुलगी हे चार हसरे चेहरे आमच्या लहान-थोर सर्व गावांत भिंतींवर होते. ते रंगवणारे पेंटर दोरीला गेरू लावून आधी भिंतीवर रेघा उठवत, मग चेहरे भरत आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर अक्षरांत आपले नाव आणि गाव घालत. घराला नवा गिलावा झाला की सर्वांत आधी जातो तो हाच कोपरा. अशा भिंती अजून कोठे कोठे उभ्या आहेत. त्यांचे फोटो काढणाऱ्यांनी चेहऱ्यांबरोबर तो कोपराही फोटोत घ्यावा, एवढी विनंती आहे.

ज्या गोष्टीचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते ती मात्र फैजपूरची आहे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले आणि ते खेडे आपल्या यावल तालुक्यातले फैजपूर होते. अध्यक्ष पंडित नेहरू होते. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि असंख्य कार्यकर्ते त्यासाठी राबले. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस येथे आले आणि बांबू, चटया, गवत अशा गावातल्याच सामानातून त्यांनी अधिवेशननगर सजवले. त्यांनीच पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी हातकागदावर रंगवलेली पत्रके जगप्रसिद्ध झाली आणि त्यांतील बरीचशी आज दिल्लीच्या राष्ट्रीय कलादालनात जपून ठेवलेली आहेत. फैजपूरचे काम बांबूचे होते, अधिवेशन संपले आणि तेही संपले. ते डोळ्यांपुढे आणायचे तर जुनी छायाचित्रे हाच मुख्य आधार उरतो.

माझे वडील तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि एका वडीलधाऱ्या छायाचित्रकाराच्या हाताखाली शिकत होते. त्या गर्दीत त्यांनी काढलेल्या तीन छायाचित्रांचे प्रिंट आमच्या घरी होते. स्वतःचा स्टुडिओ अजून निघायचा होता, म्हणून त्यांची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही. जे काही होते ते प्रिंटच्या पाठीवर होते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने प्रदर्शनासाठी ते तीन प्रिंट माझ्याकडून नेले. परत आले तेव्हा ते जाड पुठ्ठ्यावर डिंकाने पक्के चिकटवलेले होते आणि वर झिलईचा कागदही लावलेला होता. त्यांनी चांगल्या हेतूने केले, फोटो वाकू नयेत म्हणून केले, हे मी जाणतो. पण तिसऱ्या प्रिंटमध्ये बांबूच्या कमानीखाली सात स्वयंसेवक उभे आहेत, त्यांची सातही नावे वडिलांनी मागे लिहिली होती. मला त्यांतील दोन आठवतात. पुठ्ठा ओला करून सोडवायचा तर चित्राचा थरच उचलून येईल, या भीतीने मी हात लावलेला नाही. पाच माणसे त्या पुठ्ठ्याआड गेली ती गेली.

दोष दुसऱ्यांनाच देत नाही. १९६० च्या दशकात काच महाग झाली तेव्हा आमच्याच स्टुडिओत जुन्या काचेच्या प्लेटा सोड्याच्या गरम पाण्यात बुडवल्या जात. चित्राचा थर सायीसारखा सुटून येई आणि स्वच्छ झालेली काच देवांच्या तसबिरींना वापरली जाई. त्या कामाला माझेही हात लागलेले आहेत. खान्देशातल्या किती लग्नांचे, मिरवणुकांचे, गिरणीच्या संपांचे पुरावे अशा पाण्यात गेले असतील याचा विचार आला की झोप लागत नाही.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचे उदाहरण या दृष्टीने मला मोठे वाटते. १९१२ ते १९८९ या आयुष्यातील अनेक दशके त्यांनी रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घराबाहेर जवळजवळ पाऊल न टाकता काढली आणि टेबलावर लहान लहान वस्तू मांडून अशी निसर्गदृश्ये टिपली की पाहणाऱ्याला ती खरीच वाटावीत. पण ती ‘टेबल-टॉप’ आहेत हे त्यांनी कधी लपवले नाही. रचलेले दृश्य रचलेले म्हणून सांगितले की ती कला होते. त्यांचे घर आणि काम संग्रहालय म्हणून टिकले आहे. आपल्या पानावर मात्र त्यांचे एकही छायाचित्र नव्हते, त्यासाठी पुढच्या रविवारी जागा काढावी.

संपादक महोदय, माझे मागणे फार नाही. कलकत्त्याच्या त्या छायाचित्राची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात, चित्रासह छापावी. आतल्या पानावरच्या दोन ओळींनी ती चूक भरून येणार नाही. यापुढे प्रत्येक जुन्या चित्राखाली कोणी काढले, कोठे, केव्हा, आणि त्यात कापाकापी किंवा रिटचिंग झाले असल्यास काय, हे छापावे. एखादी गोष्ट कळत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, कदाचित एखादा वाचकच ती कळवील. वाचकांकडून खान्देशातील जुने फोटो आणि जाहिराती मागवाव्यात, पण पुढची बाजू आणि पाठ अशा दोन्ही बाजूंच्या प्रती घ्याव्यात, आणि पाठीवर मजकूर असेल तर तोही शेजारी छापावा. ज्यांच्या घरी असे फोटो आहेत त्यांनी ते चिकटवू नयेत, पाठीवर बॉलपेनने दाबून लिहू नये आणि काचेच्या प्लेटा ओल्या फडक्याने पुसू नयेत.

माझ्याकडे १९४१ पासूनची रजिस्टरे आणि धुतल्या न गेलेल्या सुमारे दोनशे प्लेटा आहेत. आपल्या कार्यालयातून कोणी प्रती घेण्याचे यंत्र घेऊन आले तर सर्व उघडून दाखवीन, क्रमांक मी स्वतः वाचून देईन. वस्तू मात्र घराबाहेर जाणार नाहीत. दुपारी तीननंतर यावे, तेव्हा माडीवरच्या खोलीत उत्तरेचा उजेड चांगला असतो.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त छायाचित्रकार,
अमळनेर, जि. जळगाव